उन्हातली शर्यत आणि पहिला अर्धा तास

एप्रिल लागला की आमच्या वस्तीत पहाटे पाचलाच पायांचा आवाज सुरू होतो. विहाराच्या मैदानावर जमायचं आणि रिंगरोडच्या दिशेने धावत निघायचं. पंधरा-वीस पोरंपोरी आहेत. काहींना पोलीस भरती द्यायची आहे, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. बाकीच्यांना रस्त्यावरच्या शर्यतींचं वेड लागलंय. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर. कुठे रोख बक्षीस, कुठे नुसता टी-शर्ट आणि मेडल. भीमजयंतीची दौड, १ मे ची दौड, बुद्धपौर्णिमेची दौड, म्हणजे शर्यतींचा हंगाम नेमका नागपूरच्या उन्हाळ्यात.

मला या लेकरांचं कौतुक आहे. ‘धावू नका’ सांगायला मी हा लेख लिहीत नाही. एक पोरगा मला विसरता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी तेव्हा एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला ड्यूटीवर होते. मे महिना. सकाळी साडेनऊच्या सुमारास ऑटोतून एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आणला. छातीवर शर्यतीचा नंबर तसाच पिनांनी लावलेला. अंग घामाने चिंब. सोबतच्यांनी सांगितलं की आठव्या किलोमीटरला तो वाकडातिकडा धावू लागला, पाणी देणाऱ्या पोरांना शिव्या देऊ लागला. लोकांना वाटलं, पिऊन आला आहे. मग पडला. झाडाखाली निजवलं, कांदा हुंगवला, तोंडात पाणी ओतलं, ऑटो शोधला. यात पाऊण तास गेला. आमच्याकडेही आधी केसपेपर, मग काखेत थर्मामीटर, मग तापाचं इंजेक्शन आणि सलाईन. ओल्या चादरी आल्या त्या नंतर. तेव्हा मलाही याहून जास्त माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. आधी किडनी, मग लिव्हर बंद पडलं.

त्याला झाला होता तो धावताना होणारा उष्माघात. आपण ज्याला ‘ऊन लागलं’ म्हणतो त्याचे दोन प्रकार आहेत. एक बसल्याजागी होतो: म्हातारी माणसं, लहान मुलं, तासन् तास उन्हात बसलेले लोक. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात १४ माणसं दगावली, ती काही धावत नव्हती. दुसरा प्रकार तरण्याताठ्या, धडधाकट माणसाला होतो, कारण उष्णता बाहेरून येते तशी त्याच्या आतूनही तयार होत असते. धावताना स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात, त्यातली पाऊणहून जास्त नुसती उष्णता बनते. ती बाहेर टाकायचा मुख्य रस्ता म्हणजे घाम, आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडाला पाहिजे. मे मध्ये आपली हवा कोरडी, घाम लगेच उडतो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळतच नाही. जूनमध्ये एखादा पाऊस पडून गेला की पारा उतरतो आणि आपण निश्चिंत होतो. पण तेव्हा हवा दमट झालेली असते, घाम उडत नाही, नुसता ओघळतो. ते दिवसही तितकेच वाईट.

शरीराच्या आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ४० च्या वर गेलं आणि सोबत डोकं काम करेनासं झालं, की हा उष्माघात समजायचा. तापापेक्षा हे ‘डोकं’ महत्त्वाचं, कारण रस्त्यावर आपल्याला तेच दिसतं. पोरगा बरळतो, चिडतो, मारायला धावतो, आपलं नाव-गाव सांगू शकत नाही, झोकांड्या खातो, उलटी करतो, कधी झटके येतात, कधी शुद्ध हरपते. पुस्तकात पूर्वी ‘अंग कोरडं ठणठणीत’ असं लिहिलेलं असायचं. धावणाऱ्याचं अंग बहुधा ओलंच असतं. घाम आहे म्हणून उष्माघात नाही, हे डोक्यातून काढून टाका. काखेतलं थर्मामीटरही इथे फसवं आहे. घामेजलेल्या काखेत ३८ दिसतं तेव्हा आत ४१ असू शकतं. खरं तापमान गुदद्वारातून घेतात, ते डॉक्टर-नर्सचं काम. आपण वागण्यावरून ओळखायचं.

शर्यत संपवून थांबल्यावर चक्कर येऊन बसणारे पुष्कळ असतात, ते वेगळं. पळता पळता एकदम थांबलं की रक्त पायात साचतं. त्याला निजवा, पाय वर धरा, दोन-चार मिनिटांत तो नीट बोलू लागतो. आणि एखादा धाडकन पडला, हाक मारून हलत नाही, श्वास नाही किंवा नुसता आचके देतो आहे, तर ते हृदय बंद पडणं आहे. तिथे छाती दाबायला लगेच सुरुवात करायची आणि १०८ ला फोन.

पण पोरगा बरळतो आहे आणि अंग भट्टीसारखं आहे, तर काय करायचं? जागच्या जागी थंड करायचं. दवाखान्यात नंतर न्यायचं. १०८ ला फोन एकाने करावा, पण गाडी येईपर्यंत बाकीच्यांनी त्याला गार पाण्यात घालावं. भाजलं तर आपण आधी पाणी ओततो, मग दवाखाना गाठतो. इथे आतून भाजणं चालू आहे. पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ताप उतरला तर माणूस बहुतेक वेळा वाचतो. जितका उशीर, तितकी किडनी, लिव्हर आणि मेंदू शिजत जातात.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात समुद्राकाठी फाल्मथ नावाचं गाव आहे. तिथे १९७३ पासून दर ऑगस्टमध्ये ७ मैलांची, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत होते. दिवस उन्हाचे, हवा दमट, त्यामुळे उष्माघात दरवर्षी ठरलेला. तिथल्या लोकांनी शेवटच्या रेषेजवळ बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या १८ वर्षांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. उष्माघाताचे २७४ रुग्ण, आतलं तापमान सरासरी ४१ च्या वर, आणि मृत्यू एकही नाही. औषध कोणतं वापरलं? बर्फ आणि पाणी. हे वाचलं तेव्हा मला तो नंबर लावलेला पोरगा आठवला आणि मी बराच वेळ काही बोलले नाही.

टब आपल्याकडे नसेल, ताडपत्री तर असते. पावसाळ्यात घरावर टाकतो तीच. चौघा-सहाजणांनी चारही बाजूंनी कडा उचलून धरायच्या, मध्ये पोराला ठेवायचं, सात-आठ बादल्या पाणी आणि फोडलेला बर्फ ओतायचा, आणि ताडपत्री झोळीसारखी हलवत राहायची म्हणजे पाणी अंगावरून फिरतं. मासळीवाल्यांकडे बर्फ पहाटेच आलेला असतो. एकाने डोकं आणि मान सतत पाण्याबाहेर धरून ठेवायची, हे काम दुसऱ्या कोणालाही अधूनमधून द्यायचं नाही. बर्फ नसला तर साधं गार पाणी चालेल, काहीच नाही त्यापेक्षा ते कितीतरी बरं. तेही पुरेसं नसेल तर टॉवेल-दुपट्टे गार पाण्यात बुडवून सगळ्या अंगावर टाका आणि दर एक-दोन मिनिटांनी बदला. कपाळावर ओला रुमाल ठेवून काही होत नाही. पोरगा नीट बोलू लागला आणि कुडकुडायला लागला की बाहेर काढा. बर्फाच्या पाण्यात याला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात. नंतर बरा वाटला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण किडनी-लिव्हरचं नुकसान एक-दोन दिवसांनी दिसतं.

शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल देऊ नका. ही ताप आणणाऱ्या जंतूंची लढाई नाही, त्यामुळे ती गोळी उपयोगी पडत नाही, उलट लिव्हरवर आणखी भार पडतो. कांदा खिशात ठेवायला माझी हरकत नाही. पण पडलेल्याला कांदा हुंगवण्यात गेलेली पाच मिनिटं परत मिळत नाहीत.

मुलगी पडली की आणखी एक अडचण येते. पुरुष हात लावायला कचरतात, बाया शोधायला वेळ जातो, कपड्यांचा प्रश्न येतो. कपडे काढत बसायची गरजच नाही. बूट-मोजे काढा आणि कपड्यांसकट पाण्यात घाला. शर्यतीला आपल्या मुली असतील तर आपल्या दोन-तीन बायाही तिथे हव्यात. स्वयंपाक एक दिवस उशिरा झाला तर चालेल.

आता जे सांगते ते खास आपल्या घरांसाठी. विदर्भात सिकलसेल आहे आणि आपल्या समाजात त्याचं प्रमाण मोठं आहे. ज्याला आई आणि वडील दोघांकडून हा दोष मिळाला तो ग्रस्त, ‘एसएस’. त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय शर्यतीत उतरू नये. ज्याला एकाकडूनच मिळाला तो वाहक, ‘एएस’. वाहकाला एरवी काही होत नाही, अनेकांना आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळतही नाही. पण कडक ऊन, अंगात पाणी कमी आणि जीव तोडून धावणं हे तिन्ही एकत्र आलं, तर त्याच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, स्नायूंचं रक्त अडतं आणि स्नायू विरघळू लागतात. हे पडणं वेगळं दिसतं. पोरगा शुद्धीवर असतो, बोलतो, म्हणतो ‘पायात जीवच नाही’. गोळा आल्यासारखे स्नायू टणक होत नाहीत, मऊच राहतात. नंतर लघवी कोलासारखी काळपट होते. अशा वेळी ‘ऊठ, दम धर, थोडंच राहिलं’ म्हणणं जिवावर बेतू शकतं. थांबवा, सावलीत न्या, गार करा, दवाखान्यात पोचवा आणि डॉक्टरला ‘हा सिकलसेल वाहक आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

म्हणजे वाहकाने धावू नये का? नाही. अमेरिकन लष्करातल्या सुमारे ४८ हजार आफ्रिकन-अमेरिकन सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. वाहकांमध्ये स्नायू विरघळण्याचा धोका साधारण दीडपट निघाला, पण मृत्यू इतरांपेक्षा जास्त नव्हते. त्या लष्करात उन्हात पाणी आणि विश्रांती देण्याचे नियम सर्वांनाच लागू होते. नियम पाळले तर वाहक धावू शकतो, पण त्यासाठी आपण वाहक आहोत हे माहीत असावं लागतं. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस अशी तपासणी होते. आमच्या गटातल्या एका मुलीचा रिपोर्ट चार वर्षं तिच्या आईने पेटीत ठेवला होता. लग्न जमणार नाही या भीतीने. मी आईला दोष देत नाही, भीती खरी आहे. पण पोरगी त्या चार वर्षांत दर उन्हाळ्यात दहा किलोमीटर धावत होती. आता ती सुरुवात हळू करते, मध्ये थांबते, आणि गटातल्या दोघींना तिची गोष्ट माहीत आहे.

शर्यतीआधीची तयारी. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. रोज थोडं थोडं वाढवत नेलं तर घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, मीठ कमी जातं. मार्चभर घरी बसून १४ एप्रिलला एकदम दहा किलोमीटर पळणारा सर्वात धोक्यात. टिनाच्या घरात रात्रभर झोप न झालेला, रात्रपाळी करून थेट आलेला, आठवड्यात ताप किंवा हगवण होऊन गेलेला, आदल्या रात्री प्यायलेला, सर्दीची झोप आणणारी गोळी घेतलेला, यांनी त्या दिवशी नंबर परत करावा. वजन उतरावं म्हणून रेनकोट घालून धावणारी पोरं मी पाहिली आहेत. ते ताबडतोब बंद करा. जिममधून मिळणारी ‘ताकदीची’ पावडरही उन्हात नको. पाणी तहानेप्रमाणे प्या. भीतीने लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही घातक आहे. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, किंवा एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे पुरे.

आणि आयोजकांना हात जोडून एक विनंती. मे मध्ये पावणेसहाला उजाडतं. शर्यत साडेपाचची लावता आणि झेंडी दाखवायला पाहुणे सात वाजता येतात, तोवर पोरं उभी. त्यानंतर सुटलेला दहा किलोमीटरवाला आठच्या डांबरावर धावत असतो. पाहुण्यांना बक्षीस वाटायला बोलवा, झेंडी वस्तीतल्या एखाद्या आजीच्या हातात द्या, ती वेळेवर येते.

गेल्या रविवारी आम्ही मैदानावर तालीम घेतली. गटातल्या सर्वात वजनदार पोराला ताडपत्रीत घातलं, सहाजणांनी उचललं, पाणी ओतलं. पहिल्यांदा एक कड सुटली आणि सगळं पाणी एका मावशीच्या अंगावर गेलं. दुसऱ्यांदा जमलं. ताडपत्री आता विहाराच्या मागच्या खोलीत सतरंज्यांवर घडी करून ठेवली आहे, सोबत आठ बादल्या आणि बर्फ फोडायचा हातोडा.