पाळणा कुणाच्या मर्जीने हलतो?

रोवणीचे दिवस. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात बायका उभ्या असतात, आणि नव्या सुनेला प्रश्न ठरलेला, "गोड बातमी कधी?" "मूल नकोच" असं उत्तर तिथे कुणी मोठ्याने देत नाही. "एकच पुरे" मात्र आता सहज ऐकू येतं.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १० टक्क्यांनी वाढली, राज्याची १६ टक्क्यांनी. पिढी तेवढीच राहायला बाईमागे सरासरी २.१ मुलं लागतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा १.७ आहे.

मूल नको हा निर्णय मराठी समाजाला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं आणि नसबंदीची शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःवर करून घेतली. शंभर वर्षांनंतरचं चित्र मला अस्वस्थ करतं. २०१९-२१च्या त्याच पाहणीत राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली दिसते, पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नाही.

सरकारही हुकूम सोडतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं की आपल्याकडे ग्रामपंचायतीचं सदस्यत्व जातं. आंध्र प्रदेशाने अशीच अट २०२४ मध्ये काढून टाकली आणि तिथले मुख्यमंत्री जास्त मुलं होऊ द्या म्हणू लागले. आधी कमी, मग जास्त. दोन्ही वेळा भार त्याच बाईच्या अंगावर.

मुलं कमी झाली की शाळेचा पट घटतो, रोवणीला माणसं मिळत नाहीत, म्हातारी माणसं एकटी पडतात. ही काळजी खरी आहे. पण "म्हातारपणी कोण बघणार?" या भीतीपोटी झालेलं मूल ही निवड नव्हे, तो विमा आहे. निराधार वृद्धांसाठी राज्याची जी निवृत्तिवेतन योजना आहे, तिचं नावसुद्धा 'श्रावणबाळ'. आईबापांना कावडीतून वाहणाऱ्या मुलाचं. महिन्याला दीड हजार रुपये. देवरी-सालेकशाच्या एकट्या म्हातारीचं औषधपाणी, तालुक्याच्या दवाखान्याचं येणं-जाणं त्यात भागत नाही. ते भागेल इतकी सोय आधी व्हावी, आणि मग नव्या सुनेला विचारावं, बाई, तुला मूल हवंय का?