नाशिकचे ‘जुने’ नाव कोणते?

परिपाठाला आम्ही रोज सामान्यज्ञानाचा एक प्रश्न फळ्यावर लिहितो. ‘नाशिकचे जुने नाव?’ उत्तर सगळ्यांना पाठ : गुलशनाबाद. मोगल काळातले फारसी नाव. गुलशन म्हणजे बाग. आपल्या घरांतून ते अभिमानाने सांगितले जाते. पण पांडवलेण्यांत १९ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा कृष्णाच्या वेळचा, सुमारे २००० वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. लेणे करवणारा अधिकारी त्यात नाशिकचा म्हणून नोंदलेला आहे! म्हणजे ‘नाशिक’च अधिक जुने, गुलशनाबाद मधले. “मग आमचं उत्तर चूक?” मुले हिरमुसली. चूक नाही, अर्धे. पालकांनो, सुटीत मुलांना पायऱ्या चढवून तो लेख दाखवाच.