गरिबाची परडी

बँकेतील माझे एक जुने सहकारी बेने इस्रायल समाजाचे. आजारातून उठल्यानंतर कृतज्ञता म्हणून त्यांनी सात रस्त्याजवळच्या आपल्या घरी ‘मलिदा’ ठेवला होता. आठ वर्षांच्या नातीला घेऊन मी गेलो. एका खोलीत मुले पुठ्ठा व माती घेऊन जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराची प्रतिकृती करीत होती. एका मुलाने मातीचे कोकरू वेदीपाशी ठेवले. नातीने विचारले, “आजोबा, हे कोकरू इथे कशाला?” मी निरुत्तर झालो.

कोकणात तेलघाणे चालविणारा व शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटला गेलेला हा मराठीभाषक यहुदी समाज. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 मध्ये मांडवी भागात उभे राहिले. त्याच्या ‘शआर हारहामीम’ या नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’.

नातीला उत्तर यजमानांनीच दिले, आणि आडपडदा न ठेवता दिले. त्या मंदिरात पशूंची अर्पणे होत. इ. स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले. तेव्हापासून अर्पणांची जागा प्रार्थनेने घेतली. धान्याच्या पिठाचे अर्पणही तेथे होते, आणि ज्याला पक्ष्यांची जोडीही परवडत नसे, त्याचे थोडेसे पीठ पुरेसे मानले जाई. हिब्रूत अर्पणाला ‘कोर्बान’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी ‘जवळ येणे’ हा अर्थ आहे.

मला राजा यशोधराची कथा आठवली. मातेच्या आग्रहाखातर त्याने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी संकल्पातील हिंसेमुळे मायलेकांना अनेक पशुजन्म भोगावे लागले. सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये ‘यशस्तिलक’ या कथेवरच रचले. त्या मुलाच्या मनात मारण्याचा संकल्प नव्हता. तो इतिहास घडवीत होता. तरीही हाताने घडविलेली वस्तू मनात खोल उतरते. म्हणूनच आपल्या अनेक घरांत प्राण्यांच्या आकाराची मिठाई मुलांच्या हाती देत नाहीत.

माझा अवघडलेपणा यजमानांच्या लक्षात आला असावा. त्यांनी तपकिरी कागदाच्या पट्ट्या आणल्या व मुलांना परड्या विणायला शिकवले. हंगामातील पहिली फळे मंदिरात नेण्याचीही प्रथा होती. गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर ही त्यासाठीची सात पिके. श्रीमंत सोन्याचांदीच्या परड्या आणीत, गरीब सोललेल्या वाळुंजाच्या फांद्यांच्या. यहुदी परंपरा सांगते की श्रीमंताची परडी त्याला परत मिळे. गरिबाची मात्र फळांसह मंदिरातच राही.

हिशेबात मुरलेल्या मला ही नोंद प्रथम उलटी वाटली. मग उमगले, की सोन्याची परडी विकत आणता येते. फांद्यांच्या परडीत विणणाऱ्याचे श्रम असतात.

पुढे प्रार्थना झाली. ताटात गोड केलेले पोहे, ओले खोबरे, सुकामेवा, भोवती फळे. झाडाचे फळ, जमिनीचे पीक व धान्य यांसाठी वेगवेगळे आशीर्वचन म्हणतात, आणि केळे जमिनीच्या पिकांत मोजतात, हे ऐकून नात चकित झाली. एलियाहू हनाबी या प्रेषिताचे स्मरण करून सर्वांनी प्रसाद घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देरासरात निघताना आजीने नेहमीची चांदीची वाटी पुढे केली. नातीने ती बाजूला ठेवली आणि अक्षत आपल्या वाकड्या परडीत घेतले. काही दाणे जिन्यात सांडले. ते तिने एकेक करून वेचले. मग पाटावर स्वस्तिक काढले, वर ज्ञान, दर्शन व चारित्र्याच्या तीन ढिगल्या आणि त्यांच्याही वर सिद्धशिला. एरवी दोन मिनिटांत उरकणारी पूजा त्या दिवशी बराच वेळ चालली.

आपण व्यापारी माणसे. मुलांच्या हाती बदाम, मिश्री, नोट सारे तयार ठेवतो. मूल ते ठेवून मोकळे होते. चांदीची वाटी काढून घ्या, असे मी म्हणत नाही. पण येत्या पर्युषणात पूजेची एक तरी वस्तू मुलांना स्वतःच्या हातांनी करू द्यावी, आणि ती कोणती असावी याचा विचार मात्र आपण वडीलधाऱ्यांनी करावा.

जय जिनेंद्र.