तीन मिनिटांचं मराठी सिंगल

जुलै लागला की पुण्यात नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो आणि घरच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांचं काम रात्री उशिरावर जातं. खिडकीला गाद्या टेकवल्या की हॉर्न आणि कुकरच्या शिट्ट्या बऱ्याच दबतात. ढोलाचा खर्ज मात्र भिंतीतून आत येतो. म्हणून माझ्या मित्रमंडळींचं सिंगल कोथरूडमधल्या एका बेडरूममध्ये, सराव थांबल्यावर, पंखा बंद ठेवून रेकॉर्ड झालं. शब्द आणि चाल गायिकेची. प्रोड्यूसर मित्र दिवसा आयटीत नोकरी करतो. मी कोपऱ्यात बसून ऐकत असे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शब्द तालावर बसवण्यात. पॉपमध्ये ड्रमचा ठसका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो. तिथं कुठलं अक्षर सापडतं, यावर सगळी ओळ अवलंबून. एका ओळीत ‘दिवस’ होता आणि चालीत ‘दि’ लांबत होता. ऐकू ‘दीवस’ यायचं. “आता सगळेच ओढतात, चालून जाईल,” प्रोड्यूसर म्हणाला. “माझी आजी ऐकणारे रे हे,” असं म्हणून गायिका पुन्हा वही घेऊन बसली. शेवटी तिथं ‘सांज’ आली. दीर्घ ‘सां’ आपसूक ठोक्यावर पडला, अर्थ जरा सरकला आणि माझ्या मते ओळ पहिल्यापेक्षा खरी झाली. ऱ्हस्व-दीर्घाचं हे भान भावगीतांनी आपल्या कानांना लावलंय. नव्या गाण्यानं ते सोडावं, असं मला मुळीच वाटत नाही.

मग माइक. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा मिळाला की त्याला सगळं ऐकू येतं: बांगडी, ओठ सुटण्याचा आवाज, गिळलेला आवंढा. ‘भ’ आणि ‘फ’बरोबर हवेचा झोत येतो, तो अडवायला पुढे जाळीचा पडदा असतो. ‘स’चा टोकदारपणा कमी करायला डी-एसर लावतात, पण तो ‘चांदणं’मधला ‘च’ आणि ‘झाड’मधला ‘झ’ही खातो. जास्त लावला की गाणारी बोबडी वाटायला लागते. प्रोड्यूसरनं तो काढूनच टाकला आणि खुपणारी अक्षरं एकेक शोधून हातानं खाली घेतली. हे काम कुणाला दिसत नाही, पण गाण्यातली भाषा त्यावरच टिकते.

सूर दुरुस्त करण्याचंही तसंच. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं, आता ते प्रत्येक लॅपटॉपवर असतं. पण गायिका लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली. तिच्या मींडेला सॉफ्टवेअर चूक समजतं आणि सरकत्या स्वराच्या पायऱ्या करून टाकतं. त्यामुळे मींडेच्या जागा वगळून बाकीच्या ओळींतच, तेही जरुरीपुरतं, सुधारलं.

खरा वाद झाला तो सुरुवातीच्या गिटारवरून. तिला आठ आवर्तनं हवी होती, त्याला दोन. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते ऐकलं गेल्याची नोंद होते. त्याआधी माणूस पुढे गेला तर हिशेबात काहीच नाही. त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. यंत्रानं गाण्याचा आकार ठरवणं नवीनही नाही. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली, त्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटंच मावत. भावगीताचा घाट त्या मर्यादेत घडला. पण तबकडी गाणं कुठं संपवायचं ते सांगत होती. इथं ऐकणारा केव्हा कंटाळेल, या भीतीनं गाण्याची सुरुवात कापली जाते. हा फरक मला खुपतो. शेवटी दोन आवर्तनं राहिली.

मिक्स झाल्यावर ते मोबाइलच्या स्पीकरवर, स्वस्त इयरफोनवर आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकलं. मोबाइलवर बेस नाहीसाच झाला, तेव्हा बेसच्या सुराला वरच्या सप्तकात एक पुसट जोड दिली. उरलं ते कागदोपत्री काम: डब्ल्यूएव्ही फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र, १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक. प्लेलिस्टच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर प्रसिद्धीच्या निदान सात दिवस आधी. शिवाय कुणाचा किती वाटा, हे त्यांनी आधीच लिहून सह्या केल्या. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात आला खरा, पण मैत्रीतल्या कामाचा कागद आपणच करावा लागतो.

गाणं शुक्रवारी आलं. पहिले दोन दिवस आलेख वर गेला, कारण आप्तेष्ट ऐकत होते. मग तो खाली आला आणि खालीच राहिला. गायक प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ २०१९ मध्ये बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं, ती गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असते. तसं काही इथं घडलं नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसेही मिळत नाहीत. गायिका रोज सकाळी आकडा बघायची आणि दिवसभर गप्प असायची. ते बघवत नसे.

पुढे एका छोट्या मैफलीत तिनं गिटारची आठही आवर्तनं वाजवली. कुणी उठलं नाही, दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतल्या दोन मुली शब्द म्हणत होत्या. त्यानंतर निरोप यायला लागले. साताऱ्याच्या एका विद्यार्थ्याला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते गायचं होतं. आवाजाशिवायचा ट्रॅक मिळेल का, आणि काळी चारऐवजी काळी एकमध्ये मिळेल का, असं त्यानं विचारलं. सात अर्धस्वर खाली ओढलं तर गिटारचा चिखल होतो. म्हणून प्रोड्यूसरनं कॅपो चौथ्या फ्रेटवरच ठेवला, ई मायनरच्या जागी ए मायनरची बोटं धरली आणि अख्खं गाणं नव्यानं वाजवलं. सुरुवातीची आवर्तनं किती ठेवू, असं त्यानं गायिकेला विचारलं. ती म्हणाली, “त्या मुलालाच विचार.” त्यानं आठ मागितली.