सुट्टी आणि संपर्क

मंगळवार पेठेंतील एखादें कुटुंब गगनबावड्यामार्गें कोंकणांत निघतें, तेव्हां घरीं राहिलेल्या आजींचें सारें लक्ष मोबाइलकडे लागलेलें असतें. पूर्वीं खुशालीचें पोस्टकार्ड यावयास दोन-चार दिवस लागत. त्याचें कोणास कांहीं वाटत नसे. १९९५ सालीं भारतांत सामान्यांस इंटरनेट खुलें झालें, पुढें तें मोबाइलवर आलें, आणि आतां तासाभराचें मौनही सोसवत नाहीं.

करूळ किंवा भुईबावडा घाटांत संदेश थांबला, कीं अपघाताची शंका येते. पुष्कळदां कारण एवढेंच असतें, कीं मनोऱ्याच्या लहरींच्या आड सह्याद्रीचा कडा येतो. मनोरा शोधण्याच्या खटपटींत बॅटरीही लवकर उतरते.

वाट दाखविणारें जीपीएस मात्र इंटरनेटवर अवलंबून नाहीं. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संकेत मोबाइल नुसते ग्रहण करतो. चार उपग्रह सांपडले, कीं स्थान ठरतें. इंटरनेट लागतें तें नकाशासाठीं, आणि तो घरच्या वायफायवर आधींच उतरवून घेतां येतो.

गगनबावड्यास चहा घेतांना ‘घाट उतरेपर्यंत संदेश येणार नाहीं’ एवढें कळविलें, तरी आजी वेळेवर जेवतात.