वाच्यार्थ आणि वैर : बीड जिल्ह्यातील काही साक्षी

धर्मग्रंथातील वचन अक्षरशः खरे मानणारा मनुष्य अन्यधर्मीयास सहन करू शकत नाही, आणि तेच वचन लक्षणेने घेणारा सहिष्णू होतो, असे मत पुष्कळदा मांडले जाते. हे मत सुबोध आहे. परंतु बीड जिल्ह्याच्या इतिहासास लावून पाहिले असता ते अपुरे ठरते.

गोदावरी ही या जिल्ह्याची उत्तर सीमा. तिच्याच काठी, जिल्ह्याबाहेर परंतु जवळच असलेल्या पैठणास, सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. त्यातील तुर्क पुराणकथांवर तुटून पडतो : ब्रह्मदेव कन्येच्या मागे लागला, तर त्यास देव कसे म्हणावे? हिंदू उलट विचारतो : ईश्वर सर्वत्र आहे, तर नमाजाचे तोंड पश्चिमेकडेच का? येथे दोघेही अक्षरार्थाचे अभिमानी आहेत, पण केवळ दुसऱ्याच्या बाबतीत. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर अभिधा परक्यासाठी आणि लक्षणा स्वतःसाठी, अशी ही वाटणी होय. आणि तरीही हा कडाक्याचा वाद अखेर आलिंगनात संपतो.

हीच वाटणी पुढे अधिक शास्त्रीय वेषात अवतरली. निझामाच्या राज्यातील आर्यसमाजाची पहिली शाखा याच जिल्ह्यात, धारूर येथे, १८९१ च्या सुमारास निघाली. ‘सत्यार्थप्रकाशा’च्या चौदाव्या समुल्लासात कुराणातील वचने शब्दशः घेऊन त्यांचे खंडन केले आहे, वेदांचे भाष्य करताना मात्र स्वामी दयानंद शब्दांचा यौगिक अर्थ घेऊन कथात्मक अर्थ बाजूस सारतात. अशा खंडनाने मने दुखावतात, यात संशय नाही. परंतु १९३८-३९ मध्ये निझामाच्या राज्यात आर्यसमाजाने जो सत्याग्रह केला, त्याच्या मागण्या कोणत्या वचनाचा कोणता अर्थ खरा याविषयी नव्हत्या. प्रचाराचे, पूजाविधीचे आणि मंदिरे व यज्ञशाळा बांधण्याचे स्वातंत्र्य, हा त्यांचा विषय होता. वाद ग्रंथाकडून राज्यसत्तेकडे वळला होता.

१९४८ साली या भेदास रक्ताची साक्ष मिळाली. रझाकारांनी गावोगाव हिंदूंवर केलेले अत्याचार आधीचे. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईच्या वेळी व तिच्यानंतर जी कत्तल झाली, तिला मुख्यतः मुसलमान बळी पडले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५,००० मृत्यूंचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड येथील आकडा याहून पुष्कळ मोठा, १८,००० च्या खाली नसलेला, होता. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

अहवालातील एक तपशील प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. लूट, जाळपोळ आणि घरे-जमिनी बळकावणे यांबरोबरच सक्तीच्या धर्मांतराची नोंद तेथे आहे. समितीस बायकामुलांच्या अंगावर नव्याने गोंदलेल्या हिंदू खुणा आणि मुलांचे नुकतेच टोचलेले कान दिसले. ही सक्ती करणाऱ्यांनी कोणास कोणत्या तत्त्वावर विश्वास ठेवावयास लावले? त्यांना समोरच्याची श्रद्धा पालटावयाची नव्हती. तो कोणाच्या बाजूचा, हे कातडीवर लिहावयाचे होते. श्रद्धेस येथे चिन्हाचे स्थान आले होते. ज्याचे राज्य गेले आणि ज्याचे आले, यांच्यातील हिशेब त्या चिन्हावरून चुकता केला जात होता. ज्याची जमीन बळकावली त्याचे कुराणाविषयीचे मत विचारण्याचे कारण कोणास पडणार?

श्रद्धा सर्वथा निरपराध आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. शत्रू कोण हे ओळखण्याची खूण तीच पुरविते, आणि कृत्यास पुण्याचा मुलामा देते. परंतु श्रद्धा तीच असूनही वर्तन भिन्न असू शकते, याचा पुरावाही त्याच अहवालात आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर-बांधवांचे हिंदू हल्लेखोरांपासून रक्षण केले, आणि त्यापायी काहींनी प्राणही गमावले. हल्लेखोरांची दैवते आणि त्या विणकरांची दैवते वेगळी नव्हती. त्यांचा धंदा मात्र मुसलमान विणकरांशी सामाईक होता.