परिशिष्ट तीन

माझं दुकान कोल्हापुरात राजारामपुरीत आहे. पाटीवर ‘मराठी-इंग्रजी टायपिंग, झेरॉक्स, थिसिस बाइंडिंग’ एवढंच. मी बी.कॉम. झाले तेही बाहेरून परीक्षा देऊन, त्यामुळे शिवाजी विद्यापीठाच्या एकाही वर्गात बसलेली नाही. पण गेल्या तीस वर्षांत तिथलं इतकं संशोधन माझ्या हाताखालून गेलंय, की गिऱ्हाइकाच्या पिशवीवरून मी त्याचा विभाग ओळखते. फिजिक्स-केमिस्ट्रीवाला येतो तो खिशात पेन ड्राइव्ह घेऊन. मजकूर त्यानेच टाइप केलेला असतो, आमच्याकडे काम फक्त आलेख नीट बसवायचं आणि बाइंडिंगचं. शिक्षणशास्त्रवाला येतो दोन कापडी पिशव्या घेऊन. त्यात सुतळीनं बांधलेले प्रश्नावल्यांचे गठ्ठे, हस्तलिखित आणि बहुतेक वेळा एक दमलेली बायको. कारण हा माणूस दिवसा शाळेत शिकवतो आणि संशोधन रात्री करतो.

प्रबंध मी वाचलेत असं म्हणणार नाही. टाइप केलेत. वाचणारा कंटाळला की पान उलटतो, टाइप करणाऱ्याला ती सोय नसते.

विद्यापीठ १९६२ सालचं. १८ नोव्हेंबरला डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे. सागरमाळावर साडेआठशे एकरांच्या आसपास जागा मिळाली. मोठ्या शहरांतल्या संस्थांसारखी महागडी यंत्रं अशा विद्यापीठाला कुठून मिळणार? पण माझ्या मते इथल्या फिजिक्सचं नाव झालं ते या टंचाईतूनच.

लोडशेडिंगच्या दिवसांत एक मुलगा दुकानात लाइट येण्याची वाट बघत तास-दीड तास बसायचा. त्याने एकदा खिशातून कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी काढून दाखवली. अर्धी काच साधी, अर्धी लिंबासारखी पिवळी. “हीच माझी पीएचडी, ताई,” म्हणाला. तो पिवळा थर म्हणजे कॅडमियम सल्फाइड, जाडी एका मायक्रॉनपेक्षा कमी. माणसाचा केस त्याच्या मानानं वासा म्हणायचा. असे थर सौरघटांत लागतात, सेन्सरमध्ये लागतात. ते बसवायला एरवी हवा काढून टाकलेली बंद पेटी लागते, मोठा पंप लागतो. इथल्या प्रयोगशाळेत त्यावर उपाय म्हणजे बीकर. काच एका द्रावणात बुडवायची, शुद्ध पाण्यात खळबळायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा खळबळायची. हे एक आवर्तन. असं पन्नास वेळा, शंभर वेळा. दर खेपेला थर जरासा वाढतो. मला ते ऐकून मेणबत्त्या करायच्या पद्धतीची आठवण झाली, आणि त्याला ते पटलंही.

या पद्धतीला ते ‘सिलार’ म्हणतात. मूळ कल्पना १९८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाली. पण ती स्वस्तात, साध्या भांड्यांत, कितीतरी वेगवेगळ्या पदार्थांसाठी वापरून दाखवण्यात कोल्हापूरचा वाटा मोठा. प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक पद्धतीनं बनवलेल्या थरांवर जे आढावा-निबंध लिहिले, मानेंबरोबरचा २००० सालचा आणि पठाणांबरोबरचा २००४ चा, त्यांचे संदर्भ जगभरच्या संशोधकांनी शेकडो वेळा दिले. हे मला कसं ठाऊक? दुसऱ्या विद्यापीठांतले प्रबंधही बाइंडिंगला येतात आणि त्यांच्या संदर्भसूचीत ही नावं मला पाठ झालीत.

वनस्पतिशास्त्राची गंमत वेगळी. प्रा. एस. आर. यादव यांच्या काळात या विभागानं सह्याद्रीचे सडे पालथे घातले. २००२ साली ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा यादव आणि सरदेसाई यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्या लोकांचं लाडकं फूल म्हणजे कंदीलपुष्प, शास्त्रीय नाव सेरोपेजिया. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. माशी आत उतरते, पण केसांमुळे वर येऊ शकत नाही. फूल जून झालं, केस सुकले, की परागकण अंगाला लावून ती सुटते. सापळाच, फक्त मुदतीचा. नवीन जात सापडली की तिचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागायचं, हा जगभरचा नियम २०११ च्या अखेरपर्यंत होता. मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेल्या मी लॅटिनचे परिच्छेद अक्षर अन् अक्षर जुळवून टाइप केलेत. अर्थ शून्य कळला, चूक एकही निघाली नाही. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालायला लागलं आणि माझं ते कौशल्य वाया गेलं.

आता शिक्षणशास्त्र. खरं सांगायचं तर यातलं बरंच काम एका साच्यातलं असतं. शंभर विद्यार्थी घ्यायचे, पन्नास-पन्नासचे दोन गट करायचे. एकाला नव्या पद्धतीनं शिकवायचं, दुसऱ्याला नेहमीच्या. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, ‘टी’ मूल्य, ०.०५ पातळीवर सार्थक, शून्य परिकल्पनेचा त्याग. नवी पद्धत हरली असं मी क्वचितच टाइप केलंय. शेवटी शासनाला शिफारशी; त्या मला इतक्या सरावाच्या झाल्यात, की गिऱ्हाईक चहाला गेलं तर त्याच्या परतण्याआधी मी लिहून ठेवीन.

पण त्या गठ्ठ्यांतच कधीतरी सोनं असतं. २००३-०४ च्या सुमारास गडहिंग्लजकडचे एक गुरुजी आले. विषय तिसरी-चौथीच्या मुलांच्या गणितातल्या चुका. प्रबंधाचा मधला भाग साच्यातलाच. परिशिष्ट तीनमध्ये मात्र त्यांनी मुलांची गणितं जशीच्या तशी उतरवली होती. ५२ वजा २७ बरोबर ३५. शेजारी मुलाचं स्पष्टीकरण, त्याच्याच बोलीत: ‘दोनातनं सात जात न्हाईत गुरुजी, मग सातातनं दोन काढलं.’ पुढच्या पानावर दुसऱ्या गावच्या मुलीची तीच चूक, वेगळ्या शब्दांत. पानामागून पान. मूल निष्काळजी नसतं, ते एक नियम बनवतं आणि इमानदारीनं पाळतं, हे मला त्या टायपिंगमधून कळलं. तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता. त्या महिन्यात मी त्याला वजाबाकीवरून मारायचं थांबवलं.

त्या काचेच्या पट्टीवरचं काम जगात पोचलं. परिशिष्ट तीन जवळच्या शाळेतही पोचलं नाही. आता विद्यापीठाचं संशोधन किती, हे मोजायची मापं आहेत. स्कोपस नावाची यादी आहे, त्यात नोंद झालेले निबंध मोजतात. एच-इंडेक्स आहे, २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं काढलेला. वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस संदर्भ मिळाले की एच वीस. फिजिक्सला हे माप चपखल बसतं, ते फिजिक्सवाल्यानंच शिवलंय. स्कोपसला सारांश इंग्रजीत लागतो, संदर्भ रोमन लिपीत लागतात. गडहिंग्लजच्या मुलाचं वाक्य त्या दारातून आत जाणार कसं?

त्यात मधल्या काळात एक तऱ्हा झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांनी प्रबंध देण्याआधी निदान एक निबंध छापून आणणं सक्तीचं केलं. उद्देश चांगला होता. पण दुकानात काय दिसलं? पैसे भरले की चार दिवसांत निबंध छापणारी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकं उगवली. एकाचा पत्ता म्हणजे एका अपार्टमेंटचा दुसरा मजला. “आयएसएसएन नंबर आहे ओ ताई,” असं गिऱ्हाईक अभिमानानं सांगायचं. तो नंबर म्हणजे गाडीची नंबरप्लेट. गाडी चालते की नाही ते त्यावर लिहिलेलं नसतं. पुढे यूजीसीनं मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी काढली, २०२२ मध्ये निबंधाची सक्ती उठवली, २०२५ मध्ये ती यादीही बंद केली.

पण सगळं खापर नियमांवर फोडून चालणार नाही. एक गुन्हा माझाही आहे.

त्याच २००९ च्या नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत देणंही सक्तीचं झालं. ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जाते. आज तिथं देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, कुणीही फुकट वाचावेत. आम्ही मराठी प्रबंध टाइप करायचो श्री-लिपीत. कोल्हापुरातली सगळी दुकानं तेच वापरायची, छपाई सुंदर यायची. पण हे जुने फॉन्ट म्हणजे सोंग आहे. डोळ्याला ‘शिक्षण’ दिसतं, मशीनला दिसतात इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण आणि कंस. टाइपरायटरच्या सवयीनं आम्ही आधी पहिली वेलांटी मारायचो, मग अर्धा श, मग काना, मग अर्धा क्ष, पुन्हा काना, अर्धा ण, पुन्हा काना. युनिकोडमध्ये वेलांटी श च्या नंतर येते. त्यामुळे अशा फाइलच्या आत कुणी ‘शिक्षण’ शोधलं, तर कॉम्प्युटर सांगतो, सापडलं नाही. शिक्षणशास्त्राचा तीनशे पानांचा प्रबंध आणि त्यात ‘शिक्षण’ हा शब्द नाही!

विंडोजवर युनिकोड मराठी २००० सालीच आलेलं होतं. मी बदलले २०१४ मध्ये. मधली चौदा वर्षं आळस, दुसरं काही नाही.

या आळसाची किंमत कळली गेल्या वर्षी. डी.एड. झालेली एक मुलगी आली, मुलांच्या गणितातल्या चुकांवरच काम करते. तिच्या यादीत अमेरिकेतले संदर्भ होते, बंगळुरूचे होते. मी विचारलं, आपल्याकडचं काही? “शोधलं काकू, काहीच नाही.” मी माळ्यावरून सीड्यांचा डबा काढला. गुरुजींची सीडी उघडली. मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाकला तर वेलांट्या जागेवर आल्या, पण रफार भरकटले. ‘विद्यार्थी’मधला रफार आम्ही थी नंतर मारायचो, तो भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. एकेक ओळ हातानं दुरुस्त करावी लागली.

तेव्हापासून रात्री दुकान बंद केल्यावर मी जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणते. सतरा झाल्या. ज्याचा प्रबंध त्याला आधी फोन करते, परवानगी घेते. काही जण ओळखच दाखवत नाहीत, एकांनी विचारलं, याचे पैसे कोण देणार. गुरुजी निवृत्त होऊन गावी आहेत. त्यांना खूप हसू आलं.

“सगळं कशाला करता बाई,” म्हणाले. “पहिली दोन प्रकरणं ठेवा, निष्कर्ष ठेवा. ते परिशिष्ट तीन गाळा, उगाच पानं वाढवायला घातलं होतं.”

मी म्हटलं, “गुरुजी, तेच आधी केलंय.”